आधी पाठ बघायला शिकवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

पत्र पोस्टानं घरी पाठवायचं सोडून असं चारचौघांत लिहितेय, त्याला कारण आहे. तुम्हाला एकट्याला लिहिलं असतं तर घडी घालून गल्ल्यात ठेवलं असतं आणि ‘काहीतरीच तुझं’ म्हणून विषय मिटवला असता. आता ते जमायचं नाही. सूनबाई मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवतीलच.

साताऱ्यातलं तुमचं फ्रेमचं दुकान माझ्या क्लासच्या वाटेवर होतं. मी आठवीत होते. आजी गेली, तिच्या देवघरातल्या लक्ष्मीची काच तडकली आणि नवी काच बसवायला मला तुमच्याकडे धाडलं. त्या लक्ष्मीच्या साडीला खरी जर चिकटवलेली, पदरावर टिकल्या, गळ्यात बारीक मणी. मला तिची लाज वाटायची. काच बसवताना ही जरबीर काढून टाका, नुसतं चित्र ठेवा, असं मी ऐटीत सांगितलं. तुम्ही काही बोलला नाहीत. फ्रेम पालथी घातलीत, पक्कडीनं एकेक चूक, म्हणजे बारीक खिळा, उपसलीत, पुठ्ठा काढलात आणि चित्र उलटंच माझ्यापुढे धरलंत.

‘‘आधी पाठ बघायची. तोंड काय, सगळेच बघतात.’’

पाठ पिवळी पडलेली, एक कोपरा कसरीनं खाल्लेला. मग चित्र सुलटं केलंत. खालची बोटभर किनार इतकी वर्षं पट्टीच्या आत दडलेली होती. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं: रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. तोवर माझ्या लेखी देवाचं चित्र कुणी काढत नसे, ते देवासारखंच आपोआप असायचं.

आणि मग तुम्ही भिंग दिलंत. लक्ष्मीच्या गालावर ते ठेवलं तर गाल नाहीसा झाला, नुसते ठिपके उरले. गुलाबी, पिवळसर, फिके निळे, कुठे दाट, कुठे विरळ, कसलीच रांग नाही. लगेच तेच भिंग भिंतीवरच्या वाण्याच्या कॅलेंडरवर ठेवायला लावलंत. तिथले ठिपके शाळेच्या कवायतीसारखे उभे! ‘‘हे यंत्राचे. ते माणसानं हातानं दगडावर दिलेले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सगळे दगड एकमेकांवर बरोब्बर बसले पाहिजेत, नाहीतर देवीचा ओठ हनुवटीवर जायचा.’’ मी हसले, तुम्ही नाही हसलात. वर म्हणालात, ‘‘ही जर तुझ्या आजीनं नाहीतर तिच्या सासूनं लावली असणार. दुपारची कामं उरकली की बायका हेच करत बसायच्या. ती काढलीस तर निम्मं चित्र गेलं.’’

जर राहिली. काचेचे पैसे तुम्ही तेवढे घेतलेत.

पुढे क्लास सुटला की मी दुकानात. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईला गिरगावात छापखाना काढला, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि श्लायशर नावाच्या जर्मन माणसानं विकत घेतला. शिळाछपाईचं काम करून हात तयार झालेले दादासाहेब फाळके या छापखान्यासाठीही काम करत होते, आणि १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. हे सगळं मी कुठल्या पुस्तकाआधी तुमच्या खळीच्या वासात ऐकलंय. लोकलमध्ये मळवली स्टेशन आलं की अजून मी खिडकीकडे सरकते. शेजारचे बघतात, बघू देत.

संग्रहालयाचं म्हणाल तर त्याआधी मी एकच पाहिलं होतं, शाळेच्या सहलीत. ‘हात लावू नका, पुढे चला.’ एवढंच आठवतं, आणि बाहेरची पेप्सीकोला. तुम्ही मात्र आम्हा तिघा-चौघांना एका रविवारी लाल एसटीनं औंधला नेलंत. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारवाले राजे, स्वतः चित्रं काढायचे आणि १९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय उभं केलं, हे तुम्ही चढ चढताना धापा टाकत सांगितलंत. आत गेल्यावर एकदम गप्प. रविवर्म्यांच्या तैलचित्रापुढे मला हाताला धरून बाजूला नेलंत, पार भिंतीला गाल टेकेल इतकं, आणि तिथून तिरकं बघायला लावलंत. समोरून गुळगुळीत दिसणारा रंग तिथून उंचसखल दिसायला लागला. दागिन्यावर रंगाचा एक थेंब चक्क वर आलेला, त्याची सावली पडलेली. आमच्या देवघरातल्या छापील लक्ष्मीला हा थेंब नव्हता. तिला जर होती. दोन्हींत मोठं कोण, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मला विचारावंसंही वाटलं नाही.

चित्रकार धुरंधरांच्या चित्रांपाशी तुम्ही रेंगाळलात. आणि मग तो हेन्री मूरचा दगड, आई आणि मूल. इंग्लंडातल्या एवढ्या मोठ्या शिल्पकाराचं काम खटाव तालुक्यात! आम्ही तोंडाकडे बघत राहिलो, आता काका समजावतील म्हणून. ‘‘हे मला कळत नाही,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘पण दर खेपेला इथे थांबतो.’’ काका, नंतर कॉलेजात कलेवर बोलणारे पुष्कळ भेटले. हे वाक्य एकाच्याही तोंडून ऐकलं नाही.

त्याच कॉलेजात मी थोडी बिघडलेही. ‘कॅलेंडर आर्ट’ हा शब्द नाक मुरडून म्हणायला शिकले. सुट्टीत दुकानात येऊन तुमच्या भिंतीवरच्या, कॅलेंडरांची चित्रं काढणाऱ्या मुळगावकरांच्या कृष्णाला ‘गोडगोड’ म्हटलं, तेही गिऱ्हाइकासमोर. तुम्ही गिऱ्हाइकाची पट्टी कापून झाल्यावर एवढंच विचारलंत, ‘‘स्प्रेनं कधी आकाश मारलंयस? रंग कुठे संपतो ते दाखव बघू त्यात.’’ मी शोधलं. सापडलं नाही. त्या दिवसाबद्दल आज माफी मागून टाकते. त्यानंतर मी दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं रद्दीतून गोळा करायला लागले, आणि अमर चित्र कथेतल्या शकुंतलेची मान रविवर्म्यांच्या शकुंतलेसारखी का वळते, हे न सांगता दिसायला लागलं. आता तर लग्नाआधीच्या फोटोंतही नवऱ्या मुली त्या शकुंतलेसारख्याच पायातला काटा काढत मागे वळून बघतात. मी मांडवात एकटीच हसते.

आणखी एक हिशेब चुकता करायचाय. हातात दिवा घेतलेली बाई, व्हॉट्सॲपवर दर दिवाळीला रविवर्म्यांच्या नावानं फिरणारी. तुम्ही फार पूर्वी सांगितलं होतंत की ती सावंतवाडीच्या चित्रकार हळदणकरांची. मागच्या वर्षी मैसूरला जगनमोहन राजवाड्यात ती पाहून आले. तेलरंग नव्हे, जलरंग, चुकलं तर पुसायची सोय नाही. ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं कडांना लालसर पेटलेली, लहानपणी आपण बॅटरीवर हात ठेवून बघायचो ना, तश्शी. चित्रासाठी उभी राहिलेली त्यांची मुलगी गीता. गीताताई उपळेकर २०१८ मध्ये कोल्हापुरात, शंभरी ओलांडून गेल्या. म्हणजे आपल्यापासून अडीच-तीन तासांवर होत्या, काका, आणि आपण दोघंही कधी गेलो नाही. घरच्या ग्रुपवर मी हळदणकरांचं नाव दर वर्षी दुरुस्त करते. मामा दर वर्षी अंगठा दाखवतात आणि पुढच्या वर्षी परत रविवर्मा.

दुकान बंद केलंत ते कळलं. हत्यारं मात्र दिली नाहीत म्हणे कुणाला. बरं केलंत, कारण आत्याच्या वाड्यातल्या माळ्यावर एक फ्रेम सापडलीय. काच इतकी काळवंडलीय की आत सरस्वती आहे की मेनका, पत्ता लागत नाही. दिवाळीला घेऊन येते. चुका गंजल्यात, पण मी हात लावलेला नाही. पुठ्ठा तुम्हीच काढायचा. भिंग मी आणते.

तुमची,
तडकलेल्या लक्ष्मीवाली