शिष्यवृत्ती फीची, अडचण मेसची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की वृत्तपत्रांत शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती येऊ लागतात आणि त्यांत संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना हमखास स्थान असते. मी मूळची लातूरची असून पुण्यातील एका खासगी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, कौटुंबिक विश्वस्त संस्था आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांवर चालणाऱ्या एकूण ११ शिष्यवृत्त्यांसाठी मी आतापर्यंत अर्ज केले आणि त्यांपैकी दोन मला मिळाल्या. हे प्रमाण वाईट आहे असे मी म्हणणार नाही, कारण माझ्या वर्गातील अनेकांना एकही मिळालेली नाही. परंतु एवढे अर्ज भरताना एक गोष्ट वारंवार जाणवली, ती देणगीदारांपर्यंत आपल्या दैनिकाद्वारे पोहोचावी असे वाटते. त्यांचे अर्ज आजही महाविद्यालयाच्या फीभोवतीच फिरतात आणि माझ्यासारख्या मुलींची फी मात्र आता शासन भरत आहे.

राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी काढलेल्या निर्णयानुसार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याच वर्षी मी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला, त्यामुळे या निर्णयाचे मोल मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. हा निर्णय झाला नसता तर मी लातूरमध्येच बी. एस्सी. केले असते. मात्र या सवलतीत विकास शुल्क येत नाही, वसतिगृह येत नाही आणि जेवणही येत नाही. माझे वडील मोंढ्यातील, म्हणजे शेतमालाच्या बाजारातील, एका आडत दुकानात मुनीम असून त्यांना महिन्याला १४,००० रुपये मिळतात, तेही रोख. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतील एका खाटेपुरते भाडे देऊन, राहते. त्या कॉटचे भाडे महिन्याला ३,८०० रुपये आणि दोन वेळच्या मेसचे ३,२०० रुपये, म्हणजे वडिलांच्या पगारातील बरोबर निम्मी रक्कम मी पुण्यात फक्त राहते आणि जेवते यासाठी जाते. धाकटा भाऊ अकरावीत आहे. शासनाचा वसतिगृह निर्वाह भत्ता प्रामुख्याने अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी आहे. आमच्या नावे शेती नाही आणि मुनिमाची मजूर म्हणून नोंदणी होत नाही.

अशा वेळी देणगीदारांचा आधार वाटतो, आणि नेमकी येथेच गाडी अडते. पहिल्या वर्षी एका कंपनीच्या शिष्यवृत्तीसाठी मी मुलाखतीपर्यंत पोहोचले होते. निवड झाल्याचा ई-मेल आला, घरी पेढेही वाटले गेले आणि पुढच्या आठवड्यात महाविद्यालयाची फी भरल्याची पावती मागवण्यात आली. माझ्या पावतीवर शिक्षण शुल्काच्या रकान्यात शून्य होते. शिष्यवृत्तीची रक्कम ‘विद्यार्थ्याने प्रत्यक्ष भरलेल्या शिक्षण शुल्काइतकी’ असल्याने मला देय रक्कमही शून्य निघाली. फोनवर बोलणाऱ्या बाई फार सौजन्याने बोलल्या. त्यांनाही हा प्रकार चमत्कारिक वाटत होता, पण त्यांच्या संगणकप्रणालीत वसतिगृह किंवा मेस असा रकानाच नव्हता. त्याच योजनेत माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याला पैसे मिळाले. तो पुण्याचाच, घरी राहणारा. खुल्या प्रवर्गातील असल्याने राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून त्याचे निम्मे शिक्षण शुल्क शासनाकडून येते आणि उरलेले निम्मे कंपनीने दिले. त्याला ती मदत मिळू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण दोघांपैकी त्या वर्षी कोणाला अधिक गरज होती हे ज्याने ठरवायचे, त्या अर्जाने फक्त पावती पाहिली.

दुसरी अडचण हमीपत्राची. बहुतेक अर्जांच्या शेवटी ‘मी अन्य कोणतीही शिष्यवृत्ती अथवा आर्थिक साहाय्य घेत नाही’ अशा अर्थाचे वाक्य असते आणि त्याखाली सही करावी लागते. शासनाची शुल्कमाफी हे ‘आर्थिक साहाय्य’ आहे की नाही? मी दोन संस्थांना ई-मेल पाठवून हे विचारले. एकीकडून उत्तर आले नाही आणि दुसरीने अर्जातील सूचना वाचावी असे कळवले. मी खरे लिहिले आणि अर्ज छाननीतच बाद झाला. माझ्याच खोलीवरील एका मुलीने, शासन आपल्याला पैसे देत नाही, फक्त फी घेत नाही, असा युक्तिवाद करून ‘नाही’ असे लिहिले आणि तिला रक्कम मिळाली. तिला मी खोटारडी म्हणणार नाही, कारण तिचा युक्तिवाद शब्दशः खोडून काढता येत नाही. तरीही दोन सारख्या मुलींचा निकाल एका संदिग्ध वाक्याच्या वाचनावर लागतो, ही चूक अर्जाचा मसुदा करणाऱ्याची आहे.

देणगीदार पावतीचा एवढा आग्रह का धरतात हे मी समजून घेण्याचा प्रयत्न केला. २०१३च्या कंपनी कायद्यातील कलम १३५नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि २०२१मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ही रक्कम मंजूर कामासाठीच वापरली गेली असे कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावे लागते. महाविद्यालयाच्या शिक्क्याची पावती हा लेखापरीक्षकाला सर्वांत सोयीचा पुरावा असतो. मेसच्या काकूंनी वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब तसा नसतो. हे कारण मला पटते. पण मग ज्यांना खरोखर मदत करायची आहे त्यांनी मेस आणि भाड्यासाठी वेगळा पुरावा ठरवून द्यावा. भाडेकरार, घरमालकाची पावती किंवा मेसचालकाच्या खात्यात दरमहा झालेला यूपीआय व्यवहार हे सर्व आज सहज मिळू शकते. माझ्या माहितीप्रमाणे कायद्याने शिक्षणावरील खर्चाची व्याख्या फीपुरती आखडलेली नाही. ती प्रत्यक्षात अर्जांच्या नमुन्यांनी आखडली आहे.

पैसे येण्याच्या वेळेचेही तसेच आहे. कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यामुळे पुष्कळ शिष्यवृत्त्यांची रक्कम फेब्रुवारी-मार्चमध्ये खात्यावर येते. आमचे वर्ष मात्र पावसाळ्यात सुरू होते. खोलीची अनामत रक्कम, पहिल्या महिन्याचे भाडे आणि विकास शुल्क हे सारे तेव्हाच एकदम द्यावे लागते. मला मिळालेल्या दोनपैकी एका शिष्यवृत्तीचे २०,००० रुपये मार्चच्या अखेरीस जमा झाले आणि ते सगळे त्याच दिवशी वडिलांनी आडत्याकडून घेतलेली उचल फेडण्यात गेले. मदत झाली नाही असे कसे म्हणू, पण उचल आधीच घेतलेली होती आणि तिचे ओझे आठ महिने घरच्यांनी वाहिले होते.

संगणक शाखेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती बाहेरच्यांना विनोदी वाटते. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा सर्वांत आवश्यक खर्च म्हणजे संगणक, आणि मी पाहिलेल्या ११ अर्जांपैकी नऊ अर्जांत तो मान्य खर्चांच्या यादीत नव्हता. महाविद्यालयाची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते. पहिल्या वर्षी मी सी प्रोग्रामिंगचा अभ्यास मोबाईलवरच्या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम चालवून पाहण्याच्या ॲपवर, केला, तेवढे निभते. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स आणि डेटाबेस आल्यावर ते निभत नाही, आणि मोबाईल ॲप बनवण्याचे अँड्रॉइड स्टुडिओ हे सॉफ्टवेअर चालवायचे तर किमान आठ जीबी रॅम लागते. शेवटी मी बुधवार पेठेतील एका दुकानातून वापरलेला लॅपटॉप २४,००० रुपयांना हप्त्यांवर घेतला. गुगलच्या संगणकांवर आपला प्रोग्राम चालवू देणारी गुगल कोलॅबसारखी मोफत सोय नसती तर मशीन लर्निंगचा प्रकल्प मी हाती घेतलाच नसता. त्यातच आजकाल अर्जात गिटहबचा (आपण लिहिलेले प्रोग्राम ठेवण्याच्या संकेतस्थळाचा) पत्ता, लिंक्डइन आणि लीटकोड या प्रोग्रामिंगच्या सरावाच्या संकेतस्थळावर सोडवलेल्या प्रश्नांची संख्याही विचारतात. ज्याच्याकडे दुसऱ्या वर्षापर्यंत लॅपटॉपच नव्हता त्याचे गिटहब रिकामे दिसणारच, आणि मग लॅपटॉप नसल्यामुळे जी मदत मिळायला हवी ती लॅपटॉप नसल्यामुळेच नाकारली जाते.

‘एकही विषय राहिलेला नसावा’ ही अटही पुन्हा तपासावी. पुणे विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षातील गणिताच्या तिसऱ्या पेपरला, म्हणजे आमच्या बोलीतल्या एम-थ्रीला, भलेभले अडकतात. त्या एका पेपरामुळे शिष्यवृत्तीचे नूतनीकरण थांबले आणि पुढच्या सत्रात पेपर सुटला तरी ते पुन्हा सुरू झाले नाही, अशी मुले मी पाहिली आहेत. त्यांना नवा अर्जही करता येत नाही, कारण बहुतेक योजना फक्त प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या असतात.

देणगीवर शिकणे महाराष्ट्राला नवे नाही. ज्या पेठेत मी राहते तेथे एकेकाळी वार लावून जेवणारे विद्यार्थी होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी अशी त्यांची सोय होत असे. त्या पद्धतीतले मिंधेपण आणि जातीची बंधने परत यावीत असे कोणीच म्हणणार नाही, पण गरीब विद्यार्थ्याला आधी जेवण लागते ही जाण त्या समाजाला होती. सयाजीराव गायकवाडांनी १९१३मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी जी शिष्यवृत्ती दिली, ती दरमहा साडेअकरा पौंड अशी तीन वर्षांसाठी ठरलेली होती. पुण्यातच १९५५पासून विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करते आहे आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून थोडे श्रम करून घेते. तेथील जागा मर्यादित आहेत. मला मिळाली नाही. तरी देणगीचा पैसा कोठे लावावा याची समज त्या संस्थेच्या संस्थापकांना होती, असे मला वाटते.

आमच्या क्षेत्रातलेही एक उदाहरण आहे. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत आम्ही व्हेरिलॉग ही इलेक्ट्रॉनिक सर्किटची रचना लिहिण्याची भाषा शिकतो. ती ज्या कंपनीत तयार झाली त्या गेटवे डिझाईन ऑटोमेशनचे संस्थापक प्रभू गोयल यांनी १९९४मध्ये अमेरिकेत फाउंडेशन फॉर एक्सलन्स ही संस्था सुरू केली आणि ती भारतातील अभियांत्रिकी व वैद्यकीय विद्यार्थ्यांना मदत करते. तिचे स्वयंसेवक विद्यार्थ्यांची परिस्थिती जाणून घेतात. मला ती शिष्यवृत्ती मिळालेली नाही, तेव्हा हा काही उपकार फेडण्याचा प्रकार नाही. पण एका माणसाने घरची चौकशी करणे आणि पोर्टलवर २०० केबीच्या आत बसवलेली पीडीएफ तपासणे यांत फार अंतर आहे.

पोर्टलबद्दल लिहायला बसले तर हे पत्र संपणार नाही, म्हणून एवढेच लिहिते. प्रत्येक संस्था तीच कागदपत्रे नव्याने मागते. उत्पन्नाचा दाखला तलाठी, सेतू केंद्र आणि तहसील कार्यालय असा प्रवास करून येतो, तोवर अर्जाची मुदत टळलेली असते; आणि तो आल्यावर ‘वडिलांची वेतन चिठ्ठी जोडा’ अशी सूचना येते, जी मोंढ्यातल्या मुनिमाला कोणी देत नाही. डिजिलॉकर ही कागदपत्रे डिजिटल स्वरूपात ठेवण्याची शासकीय सोय २०१५पासून उपलब्ध आहे. गुणपत्रिका आणि शासकीय दाखले तेथून थेट तपासून घेण्याची जोडणी करणे हे आमच्या वर्गातील कोणताही चांगला गट एका सत्राचा प्रकल्प म्हणून करू शकेल. संस्थांनी विचारले तर आम्ही विनामूल्य करून देऊ.

निबंधाविषयीही बोलले पाहिजे. ‘आपली आर्थिक परिस्थिती ५०० शब्दांत इंग्रजीतून लिहा’ या प्रश्नाला सगळ्यांची उत्तरे सारखी येतात, कारण सायबर कॅफेवाल्याकडे त्याचा तयार मसुदा असतो आणि आता चॅटजीपीटीही आहे. माझे पहिले तीन निबंध मीच आज वाचू शकत नाही, इतके ते रडवे आहेत. एका संस्थेने मात्र ‘तुम्ही लिहिलेल्या एखाद्या प्रोग्राममध्ये सापडलेली चूक आणि ती कशी दुरुस्त केली ते मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत सांगा’ असे विचारले होते. ते उत्तर लिहायला मला दोन रात्री लागल्या आणि त्यात गरिबीचा उल्लेख करावा लागला नाही. तो उत्पन्नाच्या दाखल्यावर होताच. मला मिळालेल्या दोन शिष्यवृत्त्यांपैकी ही एक.

नव्या वर्षाचे अर्ज आता सुरू होतील. ज्या विश्वस्त संस्था आणि कंपन्या आपले अर्ज या काळात छापायला किंवा पोर्टलवर चढवायला घेतील, त्यांना माझी विनंती आहे की शिक्षण शुल्काच्या रकान्याखाली ‘निवास, भोजन आणि लॅपटॉप’ असा एक रकाना वाढवावा, शासकीय शुल्कमाफी ही शिष्यवृत्तीत मोजली जाणार नाही असे हमीपत्रात स्पष्ट लिहावे आणि मंजूर रकमेचा पहिला हप्ता तरी दिवाळीपूर्वी द्यावा. भाड्याची पावती आणि मेसचे कार्ड जोडायला आम्ही तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी
पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)