क्रीडामंत्र्यांना खुले पत्र: हिडकलच्या पाण्यावर कॅनोइंग सुरू करा

मा. क्रीडामंत्री, कर्नाटक राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावच्या सुवर्णसौधात याल, तेव्हा सवड काढून हुक्केरी तालुक्यातल्या हिडकल जलाशयावर या. तिथे कॅनोइंगचे, म्हणजे अरुंद होडी वल्हवत शर्यत लावण्याच्या खेळाचे, केंद्र व्हावे, एवढ्याचसाठी हे पत्र.

नदीकाठचे पोर या खेळात कुठवर जाते, याचे उदाहरण म्हणजे ब्राझीलमधल्या उबायताबा या नदीकाठच्या छोट्या गावातला इसाकियास केइरोस. लहानपणी झाडावरून पडला आणि एक किडनी गेली. पुढे सरकारी योजनेतून गावच्या नदीत मुलांना कॅनोइंग शिकवायला लागले, त्यात हाही गेला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने दोन रौप्य आणि एक कांस्य घेतले. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन पदके मिळवणारा तो पहिला ब्राझिलियन. टोकियोत हजार मीटरचे सुवर्ण, पॅरिसला रौप्य. या प्रकारात एक गुडघा टेकून बसायचे, एका पात्याचे वल्हे एकाच बाजूने मारायचे आणि तरी नाव सरळ ठेवायची. अशी चार मिनिटे. बघताना आपलाच श्वास अडकतो.

आपल्या देशातही हे घडले आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दुहेरीत कांस्य जिंकले. सुनील मणिपूरच्या लोकटाक सरोवराकाठचा.

साहेब, आमची चिकोडी-निपाणीकडची पोरेही पाण्याकाठचीच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा गावात शिरल्या. अशा वेळी आमच्याकडे गुऱ्हाळाची काहील, म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई, पाण्यात सोडतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना तीत बसवतात आणि तरणी पोरे ती ढकलत कोरड्यावर आणतात. पाण्याची भीती मोडलेली ही पोरे आहेत. गावोगाव तालमी आहेत, त्यामुळे खांद्यात जोरही आहे. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागल्या की इकडची माणसे बघायला धावतात. आमच्या पोरांना मात्र वल्हे हातात देणारे कोणी नाही.

या खेळाला संथ पाणी लागते. म्हणून वाहती कृष्णा नको, हिडकल हवे. लाइफ जॅकेट आणि बचावाची मोटारबोट असल्याशिवाय एकही मूल पाण्यात उतरवू नका. चिकोडी-निपाणीहून रोजचे येणे-जाणे कुणालाच परवडणार नाही, तेव्हा वसतिगृह लागेल, मुलींसाठीही. टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये महिलांच्याही कॅनो शर्यती आहेत.

आणि प्रशिक्षक वर्षाच्या करारावर आणू नका. स्पेनचे हेसुस मोर्लान २०१३ मध्ये ब्राझीलला आले आणि २०१८ मध्ये वारले, तोवर केइरोसला तेच घडवत होते. वर्षभरात माणूस बदलला तर पोरे पुन्हा उसाच्या फडात जातील, हे मी गावात राहून सांगतो.

निवडीच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतूनही काढा आणि सीमाभागातल्या मराठी शाळांपर्यंत पोहोचवा. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो. याच अधिवेशनात तरतूद झाली तर पुढच्या हंगामात पहिली तुकडी पाण्यात उतरेल.

आपला,
चिकोडी तालुक्यातील एक क्रीडाशिक्षक