भाऊ, गाडी सुरू करू नका, आधी ऐका

भाऊ, नमस्कार.

समोरासमोर बोलता आलं असतं तर पत्राच्या भानगडीत पडले नसते. पण आभाराचं नुसतं तोंड उघडलं की तुम्ही "राहू द्या ना ताई, काय बोलता" म्हणता आणि किल्ली फिरवता. शिवाय आमच्या फाटकात उभं राहून बोलायचं म्हणजे एकीची अर्धवट वेणी, एकाची सांडलेली बाटली आणि जुळ्यांची मारामारी यांतून वाट काढत बोलायचं. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. तुमचा मुलगा मोबाइलवर वाचून दाखवील तेव्हा तरी तुम्हाला पळता येणार नाही.

ज्यांना आपण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही त्रिमूर्तीनगरात राहतो. लेकरं चार. "चार?" म्हणून भुवया वर करणाऱ्यांना दर वेळी सांगावं लागतं की शेवटची दोन जुळी आहेत, आमचं काही ठरवून नव्हतं. थोरली तिसरीत, मधला पहिलीत, जुळी यंदा केजीत. यांचे बाबा बुटीबोरीच्या एमआयडीसीत, पहिली पाळी असली की अंधारातच कंपनीच्या बसने जातात, आणि मलाही दहाच्या आत ऑफिस गाठायचं असतं. आणि भाऊ म्हणजे शाळेचे व्हॅनवाले. थोरली केजी-टूमध्ये गेली तेव्हापासून आमची लेकरं त्यांच्याच गाडीने जातात. आता व्हॅनमध्ये आमची चार आणि गल्लीतली आणखी चार.

आमच्या घरातली सकाळ तुम्ही बाहेरून पाहिली आहे, आतून पाहिली नाही हे बरं आहे. चार डबे, चार बाटल्या, आठ मोजे. त्यांतले सात सापडतात. जुळ्यांतल्या मुलाला पोळीचा रोल हवा असतो आणि मुलीला तोच रोल उलगडून हवा असतो. मधल्याला आलूच्या भाजीतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, एकेक पान वेचून काढायचा असतो. शनिवारचे पांढरे बूट शुक्रवारी रात्री पुसायचे असतात हे शनिवारी सकाळी आठवतं. आणि थोरली, जी एरवी चौघांत शहाणी, ती बरोबर फाटकाशी पोचल्यावर सांगते, "आई, आज चार्ट पेपर आणायला सांगितला होता."

दुसऱ्या एखाद्या गाडीवाल्याने या वेळी हॉर्नवर हात ठेवला असता. तुम्ही पहिल्याच आठवड्यात म्हणालात, "ताई, काऊन घाई करता? खाऊ द्या पोट्ट्याले. गाडी कुठं पळून चालली." आणि सीटखालून एक खोका ओढून काढलात. त्यात गुंडाळलेले चार्ट पेपर होते, टोक केलेल्या पेन्सिली, सेफ्टी पिना, बुटाच्या लेसेस, रबरबँड. जुळी यायला लागल्यावर त्यात दोन जादा चड्ड्याही आल्या, आणि त्या तुम्ही मागून घेतल्यात, मला सुचायच्या आधी. चार्ट पेपरचे पैसे तुम्ही महिन्याच्या हिशोबात कधी धरले नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "अकरा घरच्या आया धन्यवाद म्हणते, तेवढ्यात वसूल होते." (आठ लेकरांच्या अकरा आया कशा, हे मी विचारलं नाही. तुमच्या हिशोबात आज्याही येतात.)

पण हे पत्र चार्ट पेपरसाठी नाही.

चार लेकरं घरात असली की आईबाप त्यांना एकगठ्ठा वाढवतात. अंघोळ एकगठ्ठा, जेवण एकगठ्ठा, ओरडाही एकगठ्ठा. आधी कोणी कोणाला चिमटा काढला याचा तपास करायला वेळ नसतो, म्हणून चौघांनाही भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि कुकर लावायचा. याची मला लाज वाटत नाही, दुसरं काही जमूच शकत नाही. पण असल्या घरातल्या लेकरांना कोणीतरी सुटं सुटं ओळखणारं लागतं. आजी-आजोबा गावी, मामा पुण्यात. ते काम तुम्ही केलंत.

जुळ्यांतल्या मुलाला माटे चौक ओलांडला की ओकारी येते हे तुम्ही ताडलंत. "दूध पाजून पाठवू नका त्याले. सुकी पोळी द्या, दूध आल्यावर." मी त्याच्या पोटासाठी नाही नाही ते करून झाले होते. दूध सकाळचं दुपारवर ढकललं आणि प्रश्न मिटला. खिडकीच्या जागेवरून रोज रडारड व्हायची, तर तुम्ही वारच वाटून टाकले. सोमवार थोरलीचा, मंगळवार मधल्याचा, असं करत आठही जणांचे फेरे लावलेत आणि कोणाचा वार कोणता हे तुम्हाला तोंडपाठ. सरकत्या दाराचा तुमचा नियम तर मी आता घरच्या कपाटालाही लावला आहे. सगळ्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवायचे, मोठ्यांदा "ठेवले!" म्हणायचं, मगच दार लागतं. आणि दाराला हात फक्त काकांचा.

मधल्याचं मात्र जरा सविस्तर लिहायला हवं. एके दिवशी दुपारी लेकरं उतरल्यावर तुम्ही मला थांबवून म्हणालात, "ताई, तुमचा मधला बोलत नाही. थोरली बोलते, जुळे कल्ला करते, हा निस्ता पाहत राहते. त्याले एखादं काम द्या." मी मान डोलावली आणि विसरले, कारण आत जुळ्यांनी कणकेचा डबा उघडला होता. तुम्ही विसरला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्याला 'मास्तर' म्हणायला लागलात आणि हजेरीचं काम दिलंत. निघायच्या आधी तो मागे वळून प्रत्येकाच्या डोक्याकडे बोट दाखवत मोजतो. तुम्ही विचारता, "मास्तर, किती?" तो म्हणतो, "आठ, काका." त्याशिवाय गाडी हलत नाही.

मला ते लाडाचं खेळणं वाटलं होतं. मग एकदा शाळा सुटताना तो सातवर अडला. बाकीची पोरं ओरडायला लागली, "चला ना काका, सगळे आहेत." थोरलीनंही त्याला दटावलं. हा रडकुंडीला आला पण आठ म्हणेना. तुम्ही गाडी बंद केलीत, उतरलात, आणि बघितलं तर शेजारची छोटी नळाशी बसून आपल्या बाटलीचं अडकलेलं झाकण उघडत होती. संध्याकाळी तुम्ही मुद्दाम आमच्याकडे येऊन, सगळ्यांसमोर, त्याच्या बाबांना ही गोष्ट सांगितलीत. त्याचा चेहरा काय झाला होता! आता तो घरात ताटं मोजतो, चपला मोजतो, फुटाळा तलावावरच्या गर्दीत भावंडं मोजतो. आणि बोलतो, भाऊ. इतका बोलतो की कधी कधी मला तुमचाच राग येतो.

उवांची गोष्ट सगळ्यांसमोर लिहावी की नाही, याचा मी विचार केला. लिहितेच. सुरुवात कोणाच्या डोक्यातून झाली हे तुम्हाला नक्की ठाऊक होतं, आणि मला दाट संशय आहे की ते डोकं आमच्याच घरातलं होतं. तुम्ही एकाच दिवशी प्रत्येक फाटकात तेच वाक्य बोललात, "सगळ्याच लेकरांच्या डोक्यात झाल्या, आज रात्री सगळ्यांनी औषध लावा." ना कोणाचं नाव निघालं, ना व्हॉट्सॲपवर टोमणे आले. एकाच रात्री आठही डोकी धुतली गेली आणि उवा गेल्या. मी कितीतरी शिकलेल्या माणसांना यापेक्षा साध्या गोष्टीत चार घरांत भांडणं लावताना पाहिलं आहे.

जुळीला जुलाब झाले होते तेव्हाचंही आठवतं. आरोग्य केंद्रातून ओआरएसच्या पुड्या आणि 14 दिवसांच्या झिंकच्या गोळ्या मिळाल्या. जुलाब थांबले की गोळ्यांची पट्टीही फ्रिजवर पडून राहते, घरोघरी तेच होतं. तुम्ही पूर्ण 14 दिवस फाटकात विचारायचे, "राणीसाहेबांची गोळी झाली का?" तुमच्यासमोर नाही म्हणायची सोय नव्हती.

आपल्या उन्हाबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं! पुण्या-मुंबईची लेकरं जूनच्या मध्यावर शाळेत जाऊन बसतात, आपली विदर्भातली महिनाअखेरीपर्यंत घरात, कूलरसमोर कोणी बसायचं यावरून एकमेकांच्या उरावर. पण सुट्टी लागायच्या आधीचा एप्रिल असतोच. शाळा सकाळची झाली तरी सुटताना ऊन डोक्यावर येतं. तुम्ही खिडक्यांना ओले पंचे बांधता, पाण्याचा कॅम्पर ठेवता आणि प्रत्येकाने दोन घोट घेतल्याशिवाय चढू देत नाही. पुढे काचेजवळ कांदा असतो. कांद्याने ऊन लागत नाही यावर माझा काडीचाही विश्वास नाही, पण लेकरांचा आहे, आणि त्या कांद्याच्या मानासाठी ती टोपी घालतात, तेव्हा असू द्या. कुरकुर करणाऱ्याला तुम्ही 2013 च्या मे महिन्याची गोष्ट ऐकवता, पारा 47.9 अंशांवर गेला होता तो दिवस. माझ्या केजीतल्या मुलाला अजून बाराखडी येत नाही, पण तो आकडा येतो.

मग डिसेंबर. 1953 च्या नागपूर करारामुळे आपल्याकडे हिवाळी अधिवेशन भरतं, हे मी शाळेत परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्याचा खरा अर्थ लेकरं शाळेत जायला लागल्यावर कळला. सीताबर्डीकडे मोर्चे, सिव्हिल लाइन्सकडे बॅरिकेड, आज एक रस्ता बंद, उद्या दुसरा. माकडटोप्या घातलेली आठ डोकी घेऊन तुम्ही कुठल्या गल्लीतून काढता ते तुम्हालाच माहीत. मला फक्त तुमचा मिस्ड कॉल येतो, म्हणजे पोचले.

आणि 23 सप्टेंबर 2023. त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. पहाटे तुमचा फोन आला, "ताई, लेकरं उठवू नका. अंबाझरी भरून वाहून राहिली, आज शाळा-बिळा काही होत नाही." मी बरं म्हटलं आणि परत झोपले. शाळेला सुट्टीचा निरोप त्यानंतर बऱ्याच वेळाने आला. तुम्ही फोन करत होता तेव्हा तुमच्या स्वतःच्या घरात गुडघाभर पाणी होतं, हे मला चार दिवसांनी वहिनींकडून कळलं. खाटेवर उभे राहून एकेका घरी फोन लावत होता म्हणे. तुम्ही स्वतः हे कधीच सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

आता तुम्ही म्हणाल, ताईने देवच करून टाकला. तसं काही नाही. तुमचा तंबाखूचा खर्रा मला कधी आवडला नाही आणि आवडणार नाही. लेकरं गाडीत असताना पुडी उघडत नाही, एवढं तुम्ही पाळलंत, पण वहिनींसाठी तरी ती आता कायमची बंद करा. आणि मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत "इडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत" ही आरोळी परंपरेची आहे. तिच्यात "गृहपाठ घेऊन जा गे मारबत" तुम्ही घुसवलंत. जुळी ते वर्षभर ओरडत असतात, पाहुण्यांसमोरही.

कंबर साथ देत नाही म्हणून या सत्रानंतर गाडी बंद करून काटोलकडे भावाच्या संत्र्याच्या बागेत जायचं ठरवलंत, ते बरोबरच आहे. खड्ड्यांपेक्षा झाडं बरी. मे महिन्याचे अर्धेच पैसे घ्यायची तुमची पद्धत आहे. या वेळी मी पूर्ण पाठवले आहेत आणि ते परत येणार नाहीत, वाद घालू नका. नव्या व्हॅनवाल्यांना मी दुधाचं, दाराचं आणि खिडकीच्या वारांचं सांगितलं आहे. हजेरीचं मास्तरांनी स्वतः सांगितलं. त्यांनी आधी हसून घेतलं, पण मोजू दिलं.

पोळ्याला नागपुरात येणार असाल तर दुसऱ्या दिवशीही थांबा. तान्ह्या पोळ्याला चौघं लाकडी बैल घेऊन आधी तुमच्याच दारी येणार आहेत. बोजारा किती मागायचा यावर घरात बैठक झाली असून मास्तरांनी आकडा ठरवला आहे. प्रत्येकाला वेगळा द्यावा लागेल, तेव्हा सुटे पैसे ठेवा.

तुमची,
चौघांची आई
त्रिमूर्तीनगर, नागपूर