पाणपिसवा गरगर फिरायला लागल्यात

संज्या लेका,

दिवाळीपासून तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी एकही परत केला नाही, राग आला असेल तर बरोबरच आहे. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर गोळीवर, बाकी बरंय. आज लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणानं, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल याला ऊन लागलंय.

आपल्या तळ्यातल्या पाणपिसवा, त्या पाण्यातल्या बारीक डॅफ्निया, बिघडल्यात गा.

रविवारी सकाळी लोणच्याची रिकामी बरणी बुडवून आणली आणि खिडकीत धरली. तुला त्यांचं पोहणं आठवतंय ना, मिशांचा एक फटका की टुणकन वर, मग हळूहळू खाली, परत फटका. तसं काहीच नाही. निम्म्या तळाशी आडव्या पडून मिशा थरथरवत होत्या आणि बाकीच्या एकाच जागी भोवऱ्यासारख्या गरगर फिरत होत्या. एकीच्या पाठीच्या पिशवीत अंडी स्पष्ट दिसत होती, तीपण फिरतच होती.

आधी वाटलं मार्चचं ऊन आहे. पण उन्हानं पाणी पातळ होतं, 10 अंशाचं पाणी 25 अंशाच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट चिकट असतं, म्हणजे थंडीत त्यांना फटका जड जायला हवा, उन्हात नाही. ऑक्सिजन कमी म्हणावा तर त्या हिमोग्लोबिन वाढवून लालसर होतात, या पांढऱ्याफटक. आणि माशांच्या वासानं त्या खाली जातात, गरगरत नाहीत. (गप्पीच्या टाकीतलं नुसतं पाणी ओतलं आणि वर दिवा असूनसुद्धा सगळ्या खाली जाऊन बसल्या, तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्या रात्र-रात्र वर येतात ते हवा खायला म्हणून अडून बसला होतास. पैजेचा अर्धा किलो कुंदा अजून आलेला नाही, लक्षात आहे माझ्या.)

मग वरच्या विहिरीच्या पाण्यात वीस पिसवा घातल्या. संध्याकाळपर्यंत सात परत टुणटुण करायला लागल्या. म्हणजे तळ्यातल्या पाण्यातच काहीतरी आहे.

आणि ते काय ते मला माहीत आहे संज्या. शनिवारी दादानं कोबीवर फवारणी केली आणि पंप तळ्याच्या पायरीवर बसून खळखळून धुतला. मी बघत होतो, काही बोललो नाही. आता बोललो तर म्हणतो, किडे मेले तर बरंच की, आबांच्या पायाला नारू याच किड्यांनी केला होता. आबांचा तो वण बघत आम्ही मोठे झालो, त्याचं बोलणं मला कळतं. पण नारूचा जंत सायक्लॉप्स नावाच्या दुसऱ्याच बारीक पाणकिड्यातून यायचा, म्हणून आजी हंड्याला फडकं बांधून पाणी गाळायची, आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. या पिसवा वेगळ्या, त्या हिरवं शेवाळ खाऊन पाणी निवळ ठेवतात. औषध किती विषारी आहे ते लॅबमध्ये याच पिसवांवर 48 तास बघतात, मरायच्या आधी त्यांचं पोहणं बिघडतं. आपल्या म्हशी त्याच पायरीवर पाणी पितात, कालपासून मीच त्यांना विहिरीवर नेतोय, दादाला वाटतं माझी काहीतरी खोड.

सोनूची दहावीची परीक्षा सुरू असेल, तिला म्हणावं गणिताला घाबरू नको. वहिनींची बदली झाली का? पुढच्या पत्रात सगळं नीट विचारतो.

पण तू ये. दादा माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो, लहानपणापासून असंच आहे. परीक्षा संपली की सगळ्यांना घेऊन दोन दिवसांसाठी ये, रात्री टॉर्च लावून तो आणि तू दोन्ही बरण्या शेजारी ठेवून बघा, तळ्याची आणि विहिरीची. मी एक शब्द बोलणार नाही. येताना ते जुनं भिंग आण, तुझ्याकडेच राहिलंय.

तुझा,
बाळ्या