आई-बाबा, मी नोकरी सोडली आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र आई वाचून दाखवणार आणि बाबा खुर्चीत डोळे मिटून ऐकणार, हे मला माहीत आहे. म्हणून आई, हा पहिला परिच्छेद एका दमात वाच, मध्येच थांबून बाबांकडे बघू नकोस. मी नोकरी सोडली आहे. राजीनामा मंजूर झाला, काम दुसऱ्यांच्या हाती सोपवून झालं, आणि पुढच्या महिन्यापासून मी विद्यापीठात पूर्णवेळ संशोधनाला बसणार आहे. विषय गणितच, पण विम्याचं नाही. संख्या सिद्धांत, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास. मला कुणी काढलेलं नाही, कुणाशी वाजलेलं नाही, प्रकृती उत्तम आहे, घरातही सगळं ठीक आहे. तुमच्या कुठल्याही सोयीला यामुळे धक्का लागणार नाही. ते सगळं खाली सविस्तर लिहिलं आहे.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई नुसतं "बरं" म्हणते, आणि ते "बरं" ऐकलं की मला पुढे बोलवत नाही. आधी विचारलं असतं तर तुम्ही अडवलं नसतंत. "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असतात आणि मग दोघांनी रात्री जागून काढल्या असत्या. म्हणून सगळी घडी बसवून मगच कळवते आहे. रागवा हवं तर, पण जागू नका.

बाबा, तुम्ही काय म्हणाल तेही ठाऊक आहे. आपण साधी माणसं. आहे ते चांगलं चाललंय, चारचौघांसारखं आहे, आणखी काय हवं? काकांचं ते सगळं झाल्यानंतर हे वाक्य आपल्या घरात आलं आणि मग कायमचं राहिलं. ते का आलं, ते मला समजतं. त्या वाक्याच्या आडोशाला आम्ही दोघं भावंडं निर्धास्त वाढलो. शाळेतून आल्यावर घरात कुठल्या सुरात बोललं जात असेल याची धास्ती मला कधी वाटली नाही, हे किती मुलांच्या नशिबी असतं? तेव्हा तुमचं आयुष्य मला कमी वाटलं म्हणून मी हे करते आहे, असं चुकूनही मनात आणू नका. आई, तू तर अजिबात आणू नकोस.

पण "साधारण आयुष्य" म्हणतात त्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि याला कारण माझी नोकरीच आहे. इतकी वर्षं मी सरासऱ्यांचंच काम केलं. ज्या कोष्टकांवरून विम्याचा हप्ता ठरतो, त्यात अमुक वयाच्या लाख माणसांपैकी वर्षभरात किती जातील हे जवळजवळ बिनचूक सांगता येतं. त्या लाखातल्या एका माणसाचं काय होईल, हे मात्र कोष्टक कधीच सांगत नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने १९५० साली चार हजारांवर वैमानिकांच्या अंगाची मापं घेतली होती. विमानातली बैठक सरासरी देहाला बसेल अशी करायची, हा विचार. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्यातली दहा मापं निवडली आणि दहाही मापांत मधल्या गटात बसणारे किती, ते मोजलं. ४०६३ जणांत एकही निघाला नाही. त्यानंतर बैठकी मागेपुढे सरकवता येतील अशा होऊ लागल्या.

हे वाचल्यापासून "चारचौघांसारखं" म्हटलं की मला तो शून्य आठवतो. बाबा, तुम्हीही त्या चारचौघांत नाही. बदलीच्या वेळी तुम्ही जे केलंत ते चारचौघांनी केलं नसतं. तुम्ही थांबायचं ठरवलंत आणि त्या ठरवण्याला निभावून नेलंत. मी मात्र काही ठरवलेलंच नव्हतं. मी नुसती थांबले होते, आणि लोक त्याला समाधान म्हणत होते. प्रश्न समोर यायच्या आधीच त्याचं उत्तर माहीत असायचं. वरची जागा देऊ केली होती त्यांनी, तीही घेता आली असती. मोठी खोली, हाताखाली जास्त माणसं, आणि तेच प्रश्न. दादा म्हणाला, "तेवढं तरी घे." त्याचं म्हणणं चुकीचं नाही. मला जास्त हवं आहे हे खरंच आहे, ते मी लपवत नाही. फक्त हवं आहे ते त्या खोलीत नाही.

तुम्हाला पुरावा लागतो, म्हणून आणखी एक सांगते. गिलोविच आणि मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात माणसांच्या पश्चात्तापांचा अभ्यास केला. नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी जास्त बोचतात. मागे वळून सगळ्या आयुष्याकडे पाहिलं की न केलेल्या गोष्टी बोचतात. म्हणजे पहिलं वर्ष-दीड वर्ष मला जड जाईल, हे मी धरून चालले आहे. तेव्हा माझा आवाज उतरलेला वाटला तर "बघ, मी म्हणत नव्हते का" असं म्हणू नकोस, आई. नुसतं ऐकून घे.

आता कापरेकर मास्तर, शाळेत शिकवता शिकवता आकड्यांच्या गमती शोधणारे. बाबा, तुम्ही ते नाव काढणारच, म्हणून मीच काढते. तुमच्या लग्नाच्या सालावरून तुम्ही मला त्यांची वजाबाकीची गंमत शिकवली होती, पाटीवर, माझा ताप उतरत नव्हता तेव्हा. १९७२. अंक उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा कर. ८४४२. पुन्हा तेच. ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. त्यानंतर कितीही केलं तरी ६१७४च. मी रडायची थांबले होते. मग शेजारच्यांच्या लग्नाचं साल, दादाच्या जन्माचं साल, आईने सांगितलेला कुठलाही चार अंकी आकडा, सगळे सातच्या आत तिथेच जाऊन पोचायचे. फक्त चारही अंक सारखे नकोत. आई कपाळावरची पट्टी बदलत म्हणाली होती, "पुरे आता, झोपू दे तिला." तुम्ही म्हणालात, "एकच शेवटचा." ते "एकच शेवटचा" माझ्या अंगात भिनलं आहे, बाबा. त्याची जबाबदारी थोडी तुमच्यावरही आहे.

तुम्ही म्हणाल, कापरेकरांनी नोकरी सोडली नव्हती. खरं आहे. १९३० ते १९६२ ते शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर पदवी नव्हती, पुष्कळ विद्वानांनी त्यांचं काम किरकोळ मानलं, ६१७४ त्यांनी १९४९ साली मांडला आणि जगाला ते ठळकपणे कळले १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिलं तेव्हा. मधली सव्वीस वर्षं ते काय करत होते? आकडेच मांडत होते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचं आयुष्य अगदी साधारण दिसलं असेल. म्हणूनच साधारण राहावं की आणखी काही करावं असं तुम्ही विचारता तेव्हा मला दोन्ही बाजूंना तेच दिसतात. त्यांना दिवसा वर्ग आणि रात्री संख्या असं जमलं. मला जमत नाही. दिवसभराच्या कामातून उरलेल्या डोक्याने मला हा विषय वाचता येतो, करता येत नाही. फरक एवढाच आहे, म्हणून नोकरी सोडली.

मी फार मोठी होईन, या भ्रमात मी नाही. गणितज्ञ यितांग झांग यांची गोष्ट तुम्हाला सांगितली होती. विद्यापीठात जागा मिळेना म्हणून हिशेब लिहिण्यासारखी कामं केली, आणि २०१३ साली, पंचावन्नी उलटल्यावर, मूळ संख्यांच्या जोड्यांविषयीचा असा निष्कर्ष सिद्ध केला की सगळं गणितविश्व जागं झालं. पण असा माणूस लाखात एखादा, आणि कोष्टकं वाचणाऱ्या बाईने स्वतःला तो एक समजू नये. बहुधा मी एक साधारण संशोधक होईन. दोन-तीन निबंध, मोजके वाचणारे. सरासरीच, बाबा! पण ती सरासरी मी स्वतः चालत जाऊन गाठलेली असेल, आणि तिथे रोज मला न कळणारं काहीतरी समोर असेल. एवढं मला पुरतं. पैसा, मान यांचं तुमच्याइतकं समाधान मलाही आहे. या एकाच बाबतीत नाही.

आता व्यवहाराचं. घराचं कर्ज फिटलं आहे. तुमची नात स्वतःच्या पायावर उभी आहे. जावईबापूंनी सगळा हिशेब दोनदा तपासला आणि तेच मला म्हणाले की आता उशीर करू नकोस. तुमच्या दोघांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरला आहे, कागद निळ्या फाइलीत सगळ्यात वर आहेत. रात्री सोबतीला येणाऱ्या मावशी येतच राहतील, त्यांचे पैसे दादा आणि मी मिळून देतो, त्यात काहीही बदल नाही. उलट आता माझी वेळ माझ्या हातात आहे. सुट्टी मागायला नको. पुस्तकं घेऊन तुमच्याकडे येऊन बसेन, माडीवरची खोली तेवढी रिकामी करून ठेवा. आई, तू आवरू नकोस, मी येऊन आवरते.

आणि बाबा, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, "आमची सरासरी भरत आली, आता तुमचं तुम्ही बघा." हे पुन्हा म्हणायचं नाही. हे माझं क्षेत्र आहे. जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान म्हणजे मुदत नव्हे. माणूस जसजसा पुढे येतो तसतशी त्याची अपेक्षित मर्यादाही पुढे सरकते. पंचाहत्तरी गाठलेल्याच्या नावावर कोष्टकात अजून कितीतरी वर्षं लिहिलेली असतात. मला ती सगळी हवी आहेत. मला कुणीतरी उलटतपासणी घेणारं लागणार आहे, आणि माझी वजाबाकी तुमच्याइतकी कुणी तपासलेली नाही.

म्हणून आता सांगते ते दोघांनी ऐकायचं. बाबा, डोळ्यांत दोन वेगळे थेंब घालताना मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, एकामागोमाग एक नाही. थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरायचा. रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं, मिनिटभर, मग उभं राहायचं. न्हाणीघराच्या वाटेवरचा छोटा दिवा विजेच्या बिलासाठी बंद करायचा नाही. आई, रक्तदाब मोजताना बोलायचं नाही. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीला. धावपळ करून आल्या आल्या मोजतेस आणि मग आकडा पाहून घाबरतेस. बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही, हे कितीदा सांगायचं?

नेत्रतज्ज्ञांची पुढची वेळ मी घेतली आहे. त्या दिवशी मी स्वतः येते, रिक्षाच्या भानगडीत पडू नका. आई, त्याच फेरीत तुझे कानही तपासून घ्यायचे आहेत, तीही वेळ घेऊन ठेवली आहे, आता नाही म्हणता येणार नाही. आणि नोकरीबद्दल जे बोलायचं असेल ते सगळं तोवर मनात ठेवू नका, उद्या सकाळीच फोन करा. मी घरीच आहे.

तुमची,
मनू