लॅमिंग्टन रोडच्या ताईंना, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

डोंबिवलीहून निळ्या सॅकमध्ये प्लेस्टेशन २, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, घेऊन आलो होतो, तो मी. तुमच्याकडे दिवसभर माणसांची रीघ असते, म्हणून खूण सांगतो: डिस्कचा तळ कसा बघायचा, ते तुम्ही मला खिडकीच्या उजेडात धरून दाखवलंत.

रविवारी धाकटा भाऊ नाशिकहून आला आणि आम्ही क्रिकेट ०७ हा गेम लावला. मेमरी कार्डातला त्याचा अर्धवट राहिलेला दौरा जसाच्या तसा सापडला. त्याच रात्री ठरवलं, हे पत्र लिहायचंच.

मशीन आम्ही दोघांनी पैसे साठवून २००७ साली घेतलेलं. आता लेन्स थकली, डिस्क नुसती फिरत राहायची. मेमरी कार्डावर फ्री मॅकबूट, म्हणजे मशीनवर बाहेरचे प्रोग्राम चालवू देणारं सॉफ्टवेअर, टाकून घेतलं होतं, त्यामुळे आपल्याच डिस्कची कॉपी यूएसबीवरून चालेल अशी आशा होती. एका दुकानदाराने ‘सगळ्यात फास्ट’ म्हणत १२८ जीबीचा पेनड्राइव्ह गळ्यात मारला. यूएसबीवरून गेम चालवणारा ओपीएल हा प्रोग्राम उघडला तर गेमची यादी कोरी. मग घरची पोर्टेबल हार्ड डिस्क लावली, ती दोनदा टक्-टक् करून गप्प झाली. दुसऱ्या एका ठिकाणी मशीन हातातही न घेता सांगितलं, भंगारात द्या. त्या दिवशी लोकलमध्ये मांडीवर सॅक घेऊन बसलो होतो, फार वाईट वाटत होतं.

तुम्ही आधी मशीन उलटं केलंत आणि स्टिकर वाचलंत. ‘७७ हजारची सिरीज, स्लिम. आत हार्ड डिस्क बसायची सोय नाही, सगळा भार या पुढच्या दोन पोर्टांवर.’ मग म्हणालात, हे मशीन २००० सालचं डिझाइन आहे, पोर्ट यूएसबी १.१ चे. सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात एक एमबीच्या आसपास. याची स्वतःची डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला पाच एमबीपर्यंत वाचते. मग पेनड्राइव्ह कितीही फास्ट घ्या, उपयोग काय? आणि हार्ड डिस्कला सुरू होताना जेवढा करंट लागतो, तेवढा या पोर्टातून मिळतोच असं नाही. माझ्या दोन्ही फसलेल्या प्रयत्नांचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात; १२८ जीबीवाला एक्सफॅट पद्धतीत फॉरमॅट होऊन आला होता, आणि माझ्या कार्डावरचं जुनं ओपीएल फक्त फॅट ३२ ओळखत होतं.

तुम्ही ड्रॉवरमधून साधा ३२ जीबीचा काढलात. पण दिला नाहीत लगेच. आधी लॅपटॉपला लावून एच-टू-टेस्ट नावाची तपासणी चालवलीत, पूर्ण भरून परत वाचून बघायला. ‘वर ३२ लिहिलेलं असतं, आत आठच निघतात. भरेपर्यंत कळत नाही.’ त्याला बराच वेळ लागला. तेवढ्यात तुम्ही एका मोबाइलचा चार्जिंग पोर्ट बदललात, मला चहा मागवलात, आणि मधूनमधून स्क्रीनकडे बघत राहिलात. पेनड्राइव्ह नुसता विकून मोकळं होणं सोपं होतं, ताई.

मग एमबीआर या जुन्या पद्धतीचं पार्टिशन, फॅट ३२, आणि गेमची एकेक फाइल टाकायची, मध्ये दुसरं काही नाही. का, ते तुम्ही ज्या भाषेत सांगितलंत ते मी आता सगळ्यांना सांगतो: डब्यात मधले दोघं-तिघं उतरले तरी चौघांच्या कुटुंबाला शेजारी-शेजारी सीट मिळत नाही, तसंच फाइलचं. जुनी पुसून नवी टाकली की तिचे तुकडे होतात, आणि मशीनला ती सलग लागते. नाहीतर गेम सुरूच होत नाही. म्हणून काही बदलायचं झालं तर पूर्ण रिकामा करून पुन्हा भरायचा.

आणि तो डिस्कचा तळ. निळसर असेल तर त्या गेमची कॉपी पेनड्राइव्हवरच्या सीडी नावाच्या फोल्डरमध्ये, चंदेरी असेल तर डीव्हीडीच्या. मी इतकी वर्षं त्या डिस्क हाताळल्या, पण हा निळा रंग कधी नीट पाहिलाच नव्हता. घरी येऊन सगळ्या डिस्क अंथरुणावर मांडल्या, तेव्हा दोन निळ्या निघाल्या.

तुम्ही आधीच सांगितलं होतंत की सुरुवातीच्या व्हिडिओत अडखळेल. अडखळतो, आवाज पुढे आणि चित्र मागे. आधी कळलं होतं म्हणून मन धास्तावलं नाही. मॅच मात्र सुरळीत चालते. एवढं खरं सांगून वस्तू विकणारं माणूस भेटलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आमच्याकडे ‘देसी अड्डा’चीही डिस्क आहे, २००९ ची, कबड्डी आणि गिल्ली-दांडू असलेली. ती आता पुन्हा कुठे मिळायची? तिच्यावर चरे आहेत, पण कॉपी निघाली. ‘गॉड ऑफ वॉर २’ तेवढा राहिला आहे. डिस्क दोन थरांची, फॅट ३२ च्या चार जीबीच्या मर्यादेत बसत नाही, तुकडे करून टाकावी लागेल म्हणाला होतात. ते मला एकट्याला जमेलसं वाटत नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी येतो, भावालाही घेऊन. त्याला तुम्हाला भेटायचं आहे.

मनापासून आभार.

आपला,
निळ्या सॅकवाला, डोंबिवली