होली आयलंडहून: भरतीला बेटावर का थांबतो

न्यूकॅसल, जानेवारी

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. ऑफिस, डबा, घरभाडं सगळं नेहमीसारखं, त्याबद्दल लिहीत बसत नाही. आईने फोनवर जे विचारलं आणि बाबांनी न विचारता मनात ठेवलं, तेवढंच नीट लिहिते: एवढ्या थंडीत पक्षी बघायला बेटावर जायचं कशाला, आणि भरतीत तिथे अडकायचं कशाला?

आई, तिथे आम्ही पक्षी मोजणारे ठरवून थांबतो. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं आणि पाणी चढायच्या आत परतायचं, हे अलिबागकरांना कुणी शिकवायला नको. होली आयलंड, म्हणजे लिंडिसफार्न, त्याच जातीचं बेट आहे, फक्त बरंच मोठं. बील गावापासून पुढे चिखलाच्या सपाटीवरून डांबरी रस्ता जातो आणि तो दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. एका भरतीला साधारण पाच तास रस्ता बंद. उधाणाला जास्त, भांगाला कमी. अमावास्या-पौर्णिमेचा आपला हिशेब इथेही लागू पडतो, पण त्या भरवशावर कुणी निघत नाही. नॉर्थम्बरलँड कौंटी कौन्सिल रोजच्या सुरक्षित वेळा आधीच जाहीर करते, त्या बघूनच दिवस ठरतो.

दरवर्षी गाड्या बुडतात, ते खरं आहे. त्याचं कारण असं, की रस्त्याचा सगळ्यात सखल भाग सुरुवातीला नाही, पुढे पुलापाशी आहे. बीलच्या टोकाला उभं राहिलं की रस्ता कोरडा दिसतो, माणूस निघतो आणि पुलाजवळ पाणी गाठतं. तिथे उंच खांबांवर एक पांढरी खोली बांधलेली आहे. अडकलंच तर गाडी सोडून शिडीने तिच्यात चढायचं. समुद्रावरून जोराचा वारा असला की पाणी छापील वेळेआधीही चढतं. म्हणून सुरक्षित वेळेच्या शेवटच्या अर्ध्या तासात रस्त्यावर उतरायचंच नाही, हा आमचा नियम आहे. म्हणजे काळजीचं कारण नाही.

आता इथल्या लोकांची एक सवय सांगते, कारण ती कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. हे लोक बदकं मोजतात. पगार नाही, मानधन नाही, पेट्रोलही स्वतःचं. महिन्यातला एक रविवार आधीच ठरलेला असतो आणि त्या सुमारास देशभर हजारो माणसं आपापल्या खाडीवर, तळ्यावर उभी राहून पाणपक्षी मोजतात. निवृत्त मास्तर असतात, नर्स असतात, शेतकरी असतात. 1947 पासून हे चालू आहे. प्रत्येकाचा पट्टा नेमलेला असतो आणि तोच माणूस वर्षानुवर्षं तोच पट्टा मोजतो, पाऊस असो की बर्फ. शेजारच्या पट्ट्यातला थवा उडून आपल्याकडे आला तर वेळ आणि दिशा लिहून ठेवायची, मग संध्याकाळी दोघांनी ताडून बघायचं, म्हणजे तेच पक्षी दोनदा धरले जात नाहीत. शून्य पक्षी दिसले तरी शून्य लिहून पाठवायचं, कारण पक्षी नव्हते हीसुद्धा माहितीच आहे. मला आधी हे अजिबात समजत नव्हतं. पण कुठली खाडी राखायची, कुठला पक्षी घटतोय, हे इथे याच आकड्यांवरून ठरतं, आणि ते आकडे अशा माणसांनी जमवलेले आहेत.

किनाऱ्यावरची मोजणी बहुतेक भरतीला होते. ओहोटीला पक्षी मैलोन्मैल चिखलावर पांगलेले असतात, दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. पाणी चढलं की तेच जवळ रेटले जातात आणि उरलेल्या कोरड्या जागेवर दाटीने बसतात. पण भरतीला तर रस्ता बंद! म्हणून पाण्याआधी बेटावर जायचं, पाच तास तिथे काढायचे आणि रस्ता उघडला की परतायचं. डिसेंबरअखेर साडेआठला उजाडतं आणि पावणेचारच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा भरती दुपारच्या आसपास असेल तोच दिवस सोयीचा.

मोजण्याची रीत अशी. आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं आणि तेवढी चौकट थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्यायची. थवा मोठा असेल तर शंभराची चौकट. उलट बाजूने पुन्हा मोजायचं; दोन आकड्यांत फार फरक पडला तर तिसऱ्यांदा. मध्येच उडाले तर पहिल्यापासून सुरुवात. वाऱ्याने टेलिस्कोप थरथरतो, म्हणून तिकाटण्याचे पाय आखूड करून भिंतीआड बसायचं. श्वासाने काच धुरकटते, तेव्हा तोंडावरचा मफलर नाकाखाली घ्यायचा. बंदराजवळच्या खडकाळ टेकाडावरून दक्षिणेकडे बघितलं तर दुपारी खाली आलेला सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि सगळे पक्षी काळेच दिसतात. तिथे ढगाळ दिवसच बरा.

उजेडाचा एवढा विचार करावा लागतो तो ब्रेंट हंसांमुळे. मोठ्या बदकाएवढा पक्षी, डोकं, मान आणि छाती काळी, गळ्याशी छोटी पांढरी रेघ. इथल्याचं पोट फिकट राखाडी असतं, ते बघूनच तो ओळखायचा. हे हंस उन्हाळ्यात स्वालबार्डला, उत्तर ध्रुवाच्या बाजूला, अंडी घालतात आणि हिवाळ्यात डेन्मार्कला किंवा इथे येतात. ब्रिटनमध्ये हा कळप नेमाने येतो ती जागा हीच. डेन्मार्कमध्ये खाड्या गोठल्या की इथली संख्या वाढते. चिखलातलं समुद्रगवत हे त्यांचं मुख्य खाणं आणि ते ओहोटीलाच उघडं पडतं, तेही या एवढ्याशा दिवसात. कुणी चिखलावर चालत गेलं किंवा कुत्रा मोकळा सोडला तर सगळा थवा उडतो, खाण्याचा वेळ जातो आणि अंगातली चरबीही जळते. म्हणून आम्ही वाळूवर उतरतच नाही.

मोजताना पिल्लंही वेगळी लिहायची. पंखावर फिक्या रेघा असल्या आणि गळ्याची पांढरी रेघ अजून उमटलेली नसली, की ते गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू. पहिला हिवाळा ती आई-बापांच्या सोबतच काढतात, त्यामुळे कुटुंब कुटुंब वेगळं दिसतं. मला तेच बघायला सगळ्यात आवडतं.

बाकी कर्लू आणि गॉडविट आहेतच, आपल्या आक्षीच्या किनाऱ्यावर थंडीत येतात त्याच जातींचे. बाबा, सकाळी फिरायला जाता तेव्हा लाटेच्या कडेला लांब चोच खुपसणारे दिसले तर मला कळवा.

थंडीचं म्हणाल तर आत सुती काही घालत नाही, घामाने ओलं झालं की ते गार पडतं. अंगाशी लोकर, वर आईचा स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. हातात पातळ मोजे आणि त्यावर जाड, म्हणजे पेन धरताना वरचे तेवढे काढायचे. थर्मासमध्ये आमसुलाचं सार नेते. सगळ्यांना आवडतं.

आता घरचं. कौलांचे पैसे सोमवारी पाठवलेत, पावसाळ्याआधी काम उरकून घ्या, माझ्यासाठी थांबू नका. बाबांच्या मोतीबिंदूचे वेगळे आहेत, ते कौलांत घालायचे नाहीत. दादाच्या लग्नाला मला दहाच दिवस रजा मिळतेय, हळदीच्या आदल्या रात्री पोचेन. वहिनीच्या घरी आधीच सांगून ठेवा, त्यांना वाटायला नको की मला यायचं नव्हतं. आत्याने आणलेल्या पुण्याच्या स्थळाचा फोटो बघितला. मुलगा चांगला वाटतो, मी नाही म्हणत नाहीये. त्याला इकडे यायचंय का, एवढं आत्याला विचारायला सांग, आणि आई, तू मध्ये माझ्या वतीने हो म्हणू नकोस. पुढच्या रविवारी मोजणी आहे, फोन रात्री करेन, तुमच्याकडे उशीर होईल. जागत बसू नका, सोमवारी सकाळी पुन्हा करेन.

तुमची,
मुग्धा